मडक्यातलं पीठ वाढलं

मित्रांनो, मी एक जुनं मडकं आहे. काठ फुटलेला, पोटाला चीर, आणि आत सध्या एका कोंबडीचा संसार. पण हसू नका. देऊळघाटच्या कुंभाराने मला घडवलं, तेव्हा सोजराबाईने टिचकी मारून म्हटलं होतं, "आवाज खणखणीत हाय, हे पिठाले ठेवीन." वांगी-मिरचीचा मळा करणारी ती एकटी विधवा बाई. तिच्या घरात मी कितीतरी वर्षं ज्वारीचं पीठ सांभाळलं. फार अभिमानाचे दिवस होते ते.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरीचा तळ दिसला, मळा करपला, आणि सोजराबाई सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. माझ्यात रेशनवरच्या परदेशी तांबड्या ज्वारीचं, मिलोचं, पीठ येऊ लागलं. त्याला चव नव्हती, पण पोटाला आधार होता.

शेजारच्या खोलीत सिंधूताई नावाची ख्रिस्ती मास्तरीण राहायची. ती नगरकडची. संध्याकाळी ओट्यावर बसून ती बायबलच्या जुन्या करारातल्या गोष्टी सांगे. एकदा तिने एलीया नावाच्या संदेष्ट्याची गोष्ट काढली. त्याच्याही देशात पाऊस नव्हता. तेव्हा देवाने कावळ्यांकरवी त्याला भाकरी धाडल्या.

"आमचे कावळे तं वाळवण पळवतात," सोजराबाई म्हणाली.

सिंधूताई हसली आणि पुढे सांगू लागली. एलीया पाणी पीत होता तो ओढा आटला, तसं देवाने त्याला एका गरीब विधवेकडे पाठवलं. तिच्याजवळ मूठभरच पीठ उरलं होतं. त्याने मागितली म्हणून तिने पहिली भाकर त्यालाच दिली. "आणि मग त्या बाईच्या मडक्यातलं पीठ वाढलं."

सोजराबाईचा चेहरा उतरला. "काऊन पण? पाहुण्याले भाकर देली, अन् वरून बिचारीचं पीठ बी वाढलं? हा कोन्ता न्याय?"

मित्रांनो, आमच्याकडे घरातलं पीठमीठ 'संपलं' असं बायका म्हणत नाहीत. तो शब्द घरात नको, म्हणून 'वाढलं' म्हणायचं. बांगडी फुटली तरी ती वाढते. सिंधूताईला सगळी गोष्ट पुन्हा समजावून सांगावी लागली, की पीठ सरलं नाही, पाऊस येईपर्यंत पुरलं. सोजराबाईला ते अर्धंच पटलं.

चैत्रात तिच्या बोटावर हातोडी बसली. आठ दिवस कामावर जाता आलं नाही. माझा तळ दिसू लागला. अशात सिंधूताईचं दार दोन दिवस उघडलं नाही. सोजराबाईने ढकलून पाहिलं, तर ती तापाने फणफणली होती. इथे तिचं जवळचं कुणी नव्हतं.

माझ्यात एका भाकरीचं पीठ होतं. सोजराबाईने ते हाताने खरडून काढलं, चिंधी बांधलेल्या बोटाने भाकर थापली आणि ताटलीत घालून शेजारी नेली. भिंत पातळ होती, मला ऐकू येत होतं.

"सोजराबाई, तुम्ही जेवलात?"

"खा तुमी. घरी पीठ वाढलं."

तापातल्या सिंधूताईने तो शब्द आपल्या गोष्टीतला समजून घेतला. "देव भला आहे," असं म्हणून तिने भाकर खाल्ली. सोजराबाई घरी येऊन तांब्याभर पाणी प्याली आणि आडवी झाली. मला माझ्या रिकाम्या पोटाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर सिंधूताई ताटली परत करायला आली. कोपऱ्यात मी पालथं होतं. ते पाहून कुठलं 'वाढलं' ते तिला उमगलं. ती उंबऱ्यातच बसली आणि रडू लागली. "एलीयाने निदान मागितली तरी होती. मी तर मागितलीही नव्हती."

"मांगाले लावलं असतं, तं शेजार कायले म्हनायचं त्याले?" सोजराबाई म्हणाली.

सिंधूताई उठली आणि तिने आपल्या घरातले होते नव्हते ते तांदूळ आणून माझ्यात ओतले. त्या दिवसापासून दोन चुलींची एक चूल झाली. माळ्याची बाई आणि ख्रिस्ती मास्तरीण एका चुलीवर जेवतात म्हणून गावाने नाकं मुरडली. सोजराबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिचा मिलो आणि मास्तरणीच्या पगाराचं धान्य माझ्याकडे येत राहिलं. पावसाळा लागेपर्यंत मला पुन्हा पालथं व्हावं लागलं नाही.

"तुमच्या देवानं मास्तरीण धाडली," सोजराबाई म्हणायची.

"नाही, त्याने तुम्हाला धाडलं," सिंधूताई म्हणायची. हा वाद त्यांचा कधी मिटला नाही.

पुढे सिंधूताईची बदली झाली, सोजराबाई देवाघरी गेली, घरात स्टीलचे डबे आले आणि माझी रवानगी परसात झाली. त्या दोघींची आठवण आली की आजही जीव कासावीस होतो. मला जपा, असं मी म्हणणार नाही. शेवटी मी मातीचंच. पण मित्रांनो, शेजारच्या घरातून दोन दिवस भाकर थापल्याचा आवाज आला नाही, तर आपली भाकर तव्यावर असतानाच उठा आणि दार वाजवा.