खिशातली कुपी

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर पेशी उमटली आणि मावशीच्या पाचावर धारण बसली.

पेशी भाचीच्या मांडीतल्या स्नायूची होती. एका जागी म्हणून ठरत नाही, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणायचे. तीच पोर हल्ली दोन पायऱ्या चढून कठड्याला लोंबकळायची. शेवटी डॉक्टरांनी मांडीतून मसुराएवढा तुकडा काढला. मावशी त्याच इस्पितळाच्या लॅबमध्ये असले तुकडे तपासायची. घरच्यांचं काम आपण करायचं नाही, हा तिथला नियम. पण ऐकेल ती मावशी कसली! "परक्याच्या हाती कशाला? मीच करते," म्हणाली.

आता भोग म्हणावं! पेशीतल्या तंतुकणिका म्हणजे तिच्या चुलीच. शरीराला लागणारी शक्ती तिथेच तयार होते. धडधाकट कणिकेत दाट घड्या असतात, कपाटात रचलेल्या चादरींसारख्या. इथे घड्या पार विस्कटलेल्या आणि कणिका फुगून टम्म झालेल्या.

आणि तंतुकणिका येतात त्या फक्त आईकडून. भिंगरीला ताईकडून, ताईला आईकडून. आई तर मावशीचीही! तिने नकळत स्वतःच्या पोटऱ्या चाचपल्या आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. ताईला सांगायचं काय? तुझ्याच पोटातून पोरीला हे आलं म्हणून? ताई हाय खाईल.

लॅबच्या मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"शेजारचं केंद्रक बघ, तेही फुगलंय. रक्तवाहिनीच्या पेशीही तशाच. सरसकट सगळंच बिघडलंय. तुकडा फिक्सेटिव्हमध्ये कधी टाकलास?"

"लगेच!"

"लगेच म्हणजे?"

मावशी आठवू लागली. नर्स तुकडा तिथेच फिक्सेटिव्हमध्ये, पेशी आहे तशी टिकवणाऱ्या द्रवात, टाकत होती. हिनेच अडवलं, "राहू द्या, मी खाली नेऊन नीट कापते." सलाईनमधला तुकडा कुपीसकट खिशात गेला. बाहेर ताई गळ्यात पडली. तिला बाकावर बसवलं, पाणी पाजलं, पाठ चोळली. तेवढा वेळ कुपी खिशात, अंगाच्या उबेत. शरीरातून तुटलेली पेशी थांबते थोडीच? ती पाणी पिऊन फुगते, मग तिच्यातल्या पाचकरसाच्या पिशव्या, म्हणजे लयकारिका, फुटतात आणि आतलं सगळं पचवायला लागतात.

"म्हणजे आजार नाहीये?" मावशीने विचारलं.

"ते यावरून कळणारच नाही. पुन्हा तुकडा काढावा लागेल."

म्हणजे पोरीला पुन्हा छेद, आणि तोही मावशीमुळे. मावशीने जाऊन आधी भिंगरीला सगळं सांगितलं. पोरीने दुसरी मांडी पुढे केली.

"पण या वेळी तू आईपाशी बस," ती म्हणाली.

तुकडा काढल्याबरोबर फिक्सेटिव्हमध्ये टाकायला मॅडमनी दुसऱ्या तंत्रज्ञाला पाठवलं. मावशी ताईशेजारी बाकावर बसली आणि कुपीची गोष्ट तिला सांगून मोकळी झाली. ताई तडकेल असं वाटलं होतं. पण ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"मीच धरून ठेवलं होतं ना तुला?"

"नाही गं. मीच निघाले नाही."

दार उघडलं. हातात बाटली घेऊन तंत्रज्ञ जवळजवळ धावतच निघून गेला. मावशीचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

"काय निघेल गं?" ताईने विचारलं.

"नाही माहीत, ताई. मला खूप भीती वाटतेय."

ताईने तिचा हात घट्ट धरला. "आता कुठे जायचंय का तुला?"

"नाही," मावशी म्हणाली. "कुठेच नाही."