तीन सेलची बॅटरी आणि पिक्चरची सुरुवात

मित्रांनो, मी तीन सेलची एक जुनी बॅटरी आहे, आणि आधी माझी तक्रार ऐकून घ्या. भीतीच्या पिक्चरमध्ये आम्हा बॅटऱ्यांची फार बदनामी करतात. भूत समोर आलं रे आलं की माणसाच्या हातातली बॅटरी विझते. तो तिला दोन थपडा मारतो, ती एकदा लुकलुकते आणि तेवढ्यात भूत त्याला खाऊन टाकतं. मी जुन्नरच्या टॉकीजमध्ये सव्वीस वर्षं नोकरी केली. ऐनवेळी अशी एकदाही विझले नाही. स्वतः सेल बदलायचा कंटाळा करायचा आणि नाव आमचं घ्यायचं, याला काय म्हणावं?

माझ्या जन्माचं मला फारसं आठवत नाही. पत्र्याची नळी, वर चकचकीत मुलामा, आत वाटीसारखा आरसा, एवढंच. हस्तीमलशेठच्या दुकानात मी काचेच्या कपाटात उभी होते. तिथून टॉकीजचे डोअरकीपर शौकतभाई मला घेऊन गेले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या काचेवर पतंगाचा तांबडा कागद चिकटवला. मला रागच आला. एवढा लख्ख उजेड देणारी मी, आणि मला बुरखा! पण अंधारात बसलेल्यांच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून ती सोय होती. शौकतभाई पुढे चालायचे, मला धरलेला हात पाठीमागे करायचे आणि मागून येणाऱ्याच्या पायांपुढे माझा तांबडा गोल सरकत राहायचा. "उजेड पायाला दावायचा, तोंडाला न्हाई," असं ते नव्या पोरांना शिकवायचे. हे शिक्षण मलाही जन्मभर पुरलं.

आता आमच्या भागातल्या लोकांचं काय सांगावं! पिक्चर सुरू झाल्याशिवाय टॉकीजमध्ये शिरणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. त्यात घाटघरची एसटी उशिरा आली की वीस जण एकदम अंधारात घुसायचे. त्यांना जागेवर बसवेपर्यंत पहिलं रीळ संपलेलं असायचं. त्यामुळे शौकतभाईंनी शेकडो पिक्चरचे शेवट पाहिले, पण सुरुवात एकाही पिक्चरची पाहिली नाही. घरी गेल्यावर त्यांच्या पत्नी जहाँआराबाई विचारायच्या, "आज काय व्हतं पिक्चरमधी?" शौकतभाई रंगवून रंगवून सांगायचे. मग त्या विचारायच्या, "पर पहिल्यांदा काय झालं?" शौकतभाई हात धुवायला उठायचे. टॉकीज गावातच असूनही ही दोघं शेजारी बसून कधी पिक्चर पाहू शकली नाहीत, कारण त्या आल्या तरी हे ड्यूटीवर असायचे.

एकदा टॉकीजला एक इंग्रजी पिक्चर लागला. आकाशातलं एक जहाज, आणि त्यात लपलेलं एक भयंकर जनावर. पिक्चरची एकच प्रत नारायणगाव आणि जुन्नर मिळून चालवायचे. तिकडचं रीळ संपलं की त्याचा डबा सायकलवर घालून इकडे आणायचा. त्या दिवशी तिसऱ्या डब्याऐवजी चौथा आला. मशीन चालवणाऱ्या गोकुळने आला तो डबा लावून टाकला. झालं! चौथ्या रिळात जनावराने ज्याला फाडून खाल्लं, तोच माणूस मग तिसऱ्या रिळात बसून चहा पिऊ लागला. इंग्रजी कुणाला कळतंय? सगळं टॉकीज श्वास रोखून बसलं. आठवडाभर बाजारात एकच चर्चा, "मेलेला माणूस परत आला राव, लई डेंजर पिक्चर!" शौकतभाईसुद्धा असे दचकले की मी त्यांच्या हातातून पडले. माझ्या अंगावरचा हा पोचा तेव्हाचा. ते जनावर आलं कुठून, हा प्रश्न मात्र त्यांच्या मनात कायमचा राहिला. गोकुळ म्हणाला, ते पिक्चरमध्ये सांगितलेलंच नाही. शौकतभाईंना पटलं नाही. आपण सुरुवात चुकवली, तिथेच असणार, असं त्यांना वाटत राहिलं.

पुढे टॉकीज बंद पडलं. बिबट्याच्या भीतीने घरोघरी नव्या, पांढऱ्या उजेडाच्या बॅटऱ्या आल्या आणि मी ट्रंकेत गेले. माझ्या पोटातले सेल काढायचं कुणाला सुचलं नाही. ते फुटले, त्यांचं हिरवं पाणी मला आतून खाऊ लागलं. त्या अंधारात मला फार एकटं वाटलं, हे लपवत नाही.

मधल्या काळात शौकतभाईंना काचबिंदू झाला. कडेचं दिसेना, समोर गोल तेवढंच दिसे. म्हणजे तेही आता माझ्यासारखंच पाहू लागले. डॉक्टर म्हणाले, थेंब नियमाने घाला, आहे ती नजर टिकवायचा प्रयत्न करू.

गेल्या महिन्यात गोकुळ धावत घरी आला. "शौकतभाऊ, त्या जनावराच्या पिक्चरचा आदीचा भाग काढलाय! ते आलं कुठनं, समदं दावलंय. हिंदीत हाय. काढायला खर्च किती आला, ते तर इचारू नका."

शौकतभाईंचा चेहरा क्षणभर उजळला, मग पडला. "अंधारात मला पायरी दिसत न्हाई गोकुळ. सगळ्या गावाला जाग्यावर बसिवलं, आता मी धडपडत जाऊ व्हय? लोक हसतील."

जहाँआराबाई उठल्या. त्यांनी ट्रंक उघडली, मला बाहेर काढलं आणि लिंबाने घासून हिरवा गंज काढला. हस्तीमलशेठच्या नातवाकडून, संयमकडून, बल्ब आणि सेल आणले. मी लागले तेव्हा मला रडू आलं असतं, पण बॅटरीला पाणी वर्ज्य. शेवटी त्यांनी माझ्या काचेवर तांबडा पतंगी कागद चिकटवला.

गावातल्या नव्या थिएटरमध्ये दुपारचा तीनचा खेळ. जहाँआराबाई पुढे, मला धरलेला हात पाठीमागे, आणि माझा गोल शौकतभाईंच्या पायांपुढे. एकेक पायरी चढून दोघं शेजारी शेजारी बसली. अंधार झाला. पडद्यावर तारे दिसू लागले. आणि तेवढ्यात दार उघडून चार जण आत आले, हातातल्या मोबाइलचे झोत लोकांच्या तोंडावर मारत. एक जण पायरीला अडखळून पडता पडता वाचला. शौकतभाईंचा हात आपोआप माझ्याकडे आला. ते अर्धे उठलेसुद्धा. ही नजर किती दिवसांची कोण जाणे, आणि ही सुरुवातही जाणार!

जहाँआराबाईंनी त्यांना खांदा धरून खाली बसवलं. "तुमी बसा. सुरुवात चालू हाय. आज मी जाते."

साठी उलटलेल्या त्या बाईंनी मला उचललं, हात पाठीमागे केला आणि चौघांना बरोबर खुर्च्यांवर नेऊन बसवलं. "थँक्यू मावशी," एक जण म्हणाला. मग आणखी तिघं आली, मग आणखी एक जोडपं. आमच्या लोकांची सवय काही बदललेली नाही. आम्ही जागेवर परतलो तोवर पिक्चर बराच पुढे गेला होता.

पिक्चरबद्दल माझं मत विचाराल तर सांगते. एवढा अफाट खर्च, पण टोपीला बॅटऱ्या लावलेली ती शहाणी माणसं सारखी त्या जनावराच्या तोंडावर उजेड मारत होती. कुणीही चिडणारच! आणि बॅटऱ्या पुन्हा विझल्याच. जुन्या पिक्चरमध्ये जनावर कमी दिसायचं आणि भीती जास्त वाटायची. इथे त्याचे दातसुद्धा मोजता आले.

मित्रांनो, वस्तू कपाटात ठेवाल तेव्हा तिच्या पोटातले सेल आठवणीने काढा. उजेड पायाला दाखवा. आणि जो रोज तुम्हाला वाट दाखवतो, त्याच्या हातातली बॅटरी एखाद्या दिवशी आपल्या हातात घ्या.

खेळ संपला. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी जहाँआराबाईंनी मला हातातच धरलं होतं. चालता चालता त्या म्हणाल्या, "शेवट पाह्यला मी. पर पहिल्यांदा काय झालं?"

शौकतभाई रस्त्यातच थांबले. मग हसून म्हणाले, "ऐक. त्यांनी त्या जनावराचं पिल्लू पेटीत घातलं, आन् पुन्ना उघडून बघायला कुणी आलंच न्हाई."

घरापर्यंत शौकतभाईंनी जहाँआराबाईंना सगळी सुरुवात सांगितली.