हयातीचा दाखला

“नातं काय लिहू?” बचत कचेरीतल्या टेबलापलीकडच्या बाईंनी पेन कागदावर टेकवून विचारले.

“कोणाचं?” निवृत्त कारकून म्हणाले.

“तुमचं. खातेदार मुलीशी. पालक म्हणून अठरा वर्षं सही तुमची आहे, नातं मात्र कुठेच भरलेलं नाही.”

“तेव्हाच्या फॉर्मात तो रकाना नव्हता. असता तर भरला असता. रिकामा रकाना मी पुढे पाठवत नाही.”

“बरं, मग आता सांगा.”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“म्हणजे नातं नाही. जे नाही ते नाही असंच लिहायचं असतं.”

कारकुनांच्या उजव्या हाताला मुलगी बसली होती. तिला अठरा वर्षे पूर्ण होऊन चार दिवस झाले होते. हसू दाबण्यासाठी तिने खालचा ओठ दातांत धरला. डाव्या हाताला तिचे वडील होते. त्यांचे चष्म्यांचे दुकान होते, म्हणून सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. ते हसले नाहीत.

बाईंनी पेन खाली ठेवले. “काका, असं नका करू. ‘नातं नाही’ लिहिलं की फाइल चौकशीला वर जाते. परक्या माणसानं तान्ह्या मुलाच्या खात्यावर सही का केली, कोणी करायला लावली, सगळं विचारतात. सहा महिने तरी कुठे गेले नाहीत.”

“शुक्रवारी फी भरायची आहे,” मुलगी म्हणाली. तिचे हसू गेले होते. डोळे तपासण्याच्या अभ्यासक्रमाला तिला जागा मिळाली होती आणि ती जागा शुक्रवारपर्यंतच तिची होती.

“मग मामा लिहू? आजोबा लिहू?” बाईंनी आवाज खाली आणला. “बघायला कोण येतंय?”

“मी येतो बघायला,” कारकून म्हणाले.

हा माणूस पहिल्यापासून असाच. इस्पितळातल्या जिन्याखालच्या खोलीत त्यांनी तेहेतीस वर्षे जन्मांची नोंद केली. खोलीला एकच खिडकी, आणि तिच्यातून धुवायला चाललेल्या चादरींचे गठ्ठे तेवढे दिसत. एखादी नर्स घाईत येऊन “साधारण सव्वाचार लिहा” म्हणाली, की ते तिला परत पाठवीत. “मूल साधारण जन्मत नाही, बाई. किती वाजून किती मिनिटांनी, ते बघून या.” नर्सा त्यांना पाठीमागे बरेच काही म्हणत, पण त्यांच्या नोंदवहीत कधी खाडाखोड सापडली नाही, हेही त्याच सांगत.

त्यांच्या नोकरीच्या मध्यावर सरकारने नवजात मुलांच्या बचत खात्यांची योजना आणली. जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या नावे सरकार काही रक्कम ठेवणार, दरवर्षी तीत थोडी भर घालणार आणि अठराव्या वर्षी सगळी मुलाच्या हाती देणार. अटी दोन होत्या. जन्मापासून तीस दिवसांच्या आत खाते उघडायचे, आणि मूल हयात असल्याचा दाखला पालकाने दरवर्षी सही करून पाठवायचा. पेन्शनरांचा हयातीचा दाखला सगळ्यांना ठाऊक होता. दात न आलेल्यांचाही निघतो हे नवीनच होते, आणि त्यावरून इस्पितळात बरेच दिवस थट्टा चालली.

त्याच वर्षी एका बाईने मुलीला जन्म दिला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे, अंथरुणाची चादर नीट घडी करून, ती कोणाला न सांगता निघून गेली. बाळ बालगृहात गेले. त्याच्या खात्याचा फॉर्म कारकुनांच्या टेबलावर राहिला. बालगृहाच्या बाई उद्या येते, परवा येते म्हणत राहिल्या आणि शेवटी रजेवर गेल्या. तिसावा दिवस उजाडला. पाच वाजता फॉर्म न्यायला शिपाई आला तेव्हा सगळे रकाने भरलेले होते, एक ‘पालक’ सोडून.

“राहू द्या ना साहेब, एक गेला तर गेला,” शिपाई म्हणाला.

रिकामा रकाना पुढे जाणे आणि मूल मागे राहणे, या दोहोंतली कोणती गोष्ट कारकुनांना अधिक असह्य झाली हे सांगणे कठीण आहे. त्यांनी सही केली. नियमपुस्तकाचे पुढचे पान न वाचता त्यांनी केलेले आयुष्यातले हे एकच काम. पुढच्या पानावर लिहिले होते की एकदा नोंदवलेला पालक बदलता येणार नाही. बदलायचा तर खाते बंद होईल, आणि तीस दिवस उलटलेल्या मुलाचे नवे खाते निघणार नाही.

वर्ष सरताच दाखल्याचा छापील कागद त्यांच्या घरी आला. ‘माझे पाल्य हयात असल्याचे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.’ सगळे आईबाप या ओळीखाली बसल्या जागी सही करीत. कारकून ‘प्रत्यक्ष’ या शब्दापाशी अडले, आणि रजा टाकून बालगृहात गेले.

मुलगी दोन वर्षांची होता होता चष्मेवाल्यांनी आणि त्यांच्या बायकोने तिला दत्तक घेतले. तेव्हापासून कारकून कागद घेऊन त्यांच्या दुकानी जाऊ लागले. पहिल्या भेटीत चष्मेवाल्यांनी त्यांना पायरी चढू दिली नाही.

“साहेब, तुमचा माझ्यावर राग नसावा,” ते म्हणाले, “पण तुम्ही आलात की आम्हाला आठवतं, ती आमची नाही. हिची आई काल रात्रभर झोपली नाही. कागद द्या, मी सांगतो ना पोरगी ठणठणीत आहे. करून टाका सही.”

“सही माझी आहे,” कारकून म्हणाले. “तुमच्या डोळ्यांनी मी ती करू शकत नाही.” मग रस्त्यापलीकडे बोट दाखवून ते म्हणाले, “मी आत येत नाही. समोरच्या फुटपाथवर उभा राहतो. तुम्ही तिला दारात आणा. दिसली की झालं.”

चार वर्षे हे असेच चालले. ठरल्या तारखेला सकाळी दहाला कारकून रस्त्यापलीकडे उभे राहत. चष्मेवाले मुलीला हाताला धरून दारात येत. कारकून मान हलवीत, तिथल्याच टपालपेटीच्या डोक्यावर कागद ठेवून सुट्या अक्षरांत सही करीत, तारखेनंतर पूर्णविराम देत आणि कागद पेटीत टाकून जात.

घरी त्यांची बायको वाट पाहत असे. त्या घरात माणसे दोनच होती.

“केवढी झाली हो?”

“फॉर्मात उंचीचा रकाना नाही.”

“दात आले?”

“तोंड मिटलेलं होतं.”

“अहो, मग तुम्ही बघून येता तरी काय?”

“हयात आहे.”

“एवढं मला पोस्टमनसुद्धा सांगेल!” ती म्हणे आणि पाठ फिरवून भांडी लावू लागे. पण पुढच्या वर्षी, न विचारता, ते म्हणाले, “दाराच्या कडीपर्यंत आली आहे.” बायकोने त्या संध्याकाळी उठून आपल्या दाराच्या कडीपाशी हात धरून पाहिला. तिने मुलीसाठी विणलेला स्वेटर मात्र त्यांनी कधी नेला नाही. सरकारी कामाला जाताना हातात वस्तू असू नये, असे त्यांचे म्हणणे होते. बायको तरीही दर हिवाळ्यात एक विणी आणि शेजारच्या मुलींना देऊन टाकी.

मुलगी सहा वर्षांची झाली त्या वर्षी ती वडिलांचा हात सोडवून, रस्ता ओलांडून थेट कारकुनांपुढे येऊन उभी राहिली.

“तुम्ही सहीवाले काका ना? लांबून काय बघता? जवळून बघा की.” आणि तिने जीभ काढून दाखवली.

चष्मेवाले धावत आले. त्यांनी तिचा दंड धरला आणि कारकुनांकडे पाहिले. “ऊन आहे,” ते म्हणाले. “चहा घेऊन जा.”

तेव्हापासून बारा चहा झाले. तिची आई चहात साखर किती घालायची ते विचारीनाशी झाली. मुलगी वर्षभराच्या तक्रारी त्या एका दिवसासाठी राखून ठेवू लागली. पायरीवरच्या त्या शब्दांचा उल्लेख मात्र दोघा पुरुषांनी पुन्हा कधी केला नाही. कारकून आत येत, ठरलेल्या खुर्चीवर बसत, सही करीत आणि अर्ध्या तासात उठत. या घरात आपण कागदापुरते आहोत, हे ते स्वतःला विसरू देत नसत. आज सकाळी इस्त्रीचा सदरा हाती देताना बायको म्हणाली होती, “शेवटचीच ना ही सही?” त्यांनी नुसत्या गुंड्या लावल्या होत्या.

टेबलापलीकडच्या बाई आता नियमपुस्तक चाळत होत्या. अचानक त्यांचे बोट थांबले. “अहो, हे काय आहे इथे! ‘रक्ताचे नाते नसल्यास, कुटुंबाने मानलेले नाते कुटुंबप्रमुखाच्या लेखी जबाबावर ग्राह्य धरावे.’ तुम्हाला माहीत नव्हतं?”

“कलम अकरा, पोटकलम तीन,” कारकून म्हणाले. “माहीत आहे.”

“काका!” मुलगी जवळजवळ ओरडलीच. “माझी फी जाते आहे, आणि तुम्ही गप्प बसलात?”

“तुझी फी जाऊ नये, असं मलाही वाटतं. पण मागून घेतलेला जबाब हा जबाब नसतो.” हे बोलताना ते टेबलाच्या कडेकडे पाहत होते. डाव्या बाजूला त्यांनी मान वळवली नाही.

चष्मेवाल्यांनी आपला चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि हातातच ठेवला.

“मी तुम्हाला एकदा दुकानाच्या पायरीवर बोललो होतो.”

“बोलला होता. तुमचं चुकलं नव्हतं.”

“चुकलं की नाही ते मला ठरवू द्या. सगळं तुम्हीच ठरवता!” ते बाईंकडे वळले. “लिहा. काका. माझे मोठे भाऊ.”

“मी तुमचा भाऊ नाही,” कारकून म्हणाले.

“कोण म्हणतं?”

“जन्माची नोंद म्हणते. तुमची आई वेगळी, माझी...”

“ती नोंद तुमच्या जिन्याखालची. माझा भाऊ कोण, ते माझ्या घरात ठरतं. घरात बापानं काय मानायचं, यावर आहे का तुमचं एखादं कलम? असेल तर दाखवा.”

तेहेतीस वर्षे लोक कारकुनांशी वाद घालीत आले होते. उत्तरासाठी त्यांना कधी इतका वेळ लागला नव्हता. पंख्याखाली कागदाचा कोपरा फडफडत होता. मुलीने त्यावर बोट ठेवले.

“नाही,” कारकून म्हणाले. “असं कलम नाही.”

“मग?”

“मग जबाब यांनी स्वतःच्या हातानं लिहावा,” कारकून बाईंना म्हणाले. “तुम्ही लिहून चालणार नाही. आणि पूर्ण वाक्यात लिहावा.”

“आहेच का अजून!” चष्मेवाले म्हणाले, पण त्यांनी पेन घेतले. काच घासून घासून जाड झालेली त्यांची बोटे अक्षरांना सरावलेली नव्हती. चष्मा डोळ्यांवर चढवायचे राहूनच गेले होते, म्हणून ते कागदावर अगदी वाकले. ‘हे माझे मोठे भाऊ असून आमच्या मुलीचे काका आहेत.’ एवढे लिहायला त्यांना तीन मिनिटे लागली. खाली सही करून त्यांनी कागद कारकुनांपुढे सरकवला.

कारकुनांनी ती ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. बाईंना वाटले, आता चूक निघणार. कारकुनांनी कागद डोळ्यांजवळ नेला, जरा लांब धरला, परत जवळ नेला.

“नंबर वाढलाय तुमचा,” चष्मेवाले म्हणाले. “दुकानात या.”

“बरोबर आहे,” कारकून म्हणाले. नंबराविषयी की जबाबाविषयी, हे कोणी विचारले नाही. त्यांनी नात्याच्या रकान्यात दोन अक्षरे लिहिली आणि शेजारी, पालकाच्या जागी, सही केली.

“झालं,” बाई म्हणाल्या. “आता तुमचा दाखला नको, काही नको. यापुढे खातं तिचं ती चालवणार. घे गं, इथे तुझी सही.”

मुलीने पेन घेतले. कुठल्याही सरकारी कागदावरची तिची ती पहिली सही. तिने खुर्ची पुढे ओढली, कागद सरळ केला आणि घाई न करता, कोणालाही वाचता येईल अशा सुट्या अक्षरांत नाव लिहिले. नावाखाली आडवी रेघ ओढली. रेघेखाली तारीख घातली. आणि तारखेनंतर पूर्णविराम दिला.

बाईंनी वरची, कारकुनांची सही पाहिली. मग खालची पाहिली. मग काहीही न विचारता त्यांनी शिक्का उचलला.