हातभर दिवस

आमच्या गाडीत गॅस नव्हता, हा माझ्या नवऱ्याचा मोठेपणा. अभिनंदननं दोन वर्षं सुट्टीचे सगळे दिवस घालून जुनी व्हॅन सजवली. झोपायला फळ्या, छतावर सोलर, खाली बॅटरी, स्वयंपाकाला इंडक्शन. उचगावात घरी येईल त्या पावण्याला आधी गाडीत नेऊन बसवायचा. मी एकदा म्हटलं, एखादी छोटी गॅसची शेगडी असू द्या सोबत. तर म्हणाला, तुझा कायम रडका सूर. मग मीही तोंडाला कुलूप लावलं. तिथंच माझं चुकलं.

डिसेंबरात आजऱ्याच्या पुढं धरणाकाठी मुक्काम करायचं ठरलं आणि सासऱ्यांनाही बरोबर घेतलं. नेमगोंडा त्यांचं नाव, घरात आम्ही सगळे आण्णा म्हणतो. आण्णांना शुगर आहे, संध्याकाळी जेवणाआधी इन्शुलिनची सुई लागते. आणि दिवस मावळला की ते पाण्याचा थेंबही घेत नाहीत. संध्याकाळी जेवायलाही एकदाच बसायचं, आधी काही तोंडात टाकलं तर तेच जेवण. चाळीस वर्षांचा हा नेम. सासूबाई गेल्या त्या दिवशीही मोडला नव्हता.

घरी माझी रीत ठरलेली. कुकर चढवला की सुई द्यायची, शिट्ट्या होऊन वाफ जिरेपर्यंत आण्णा हातपाय धुऊन ताटावर येतात. सात वर्षांत कधी मागंपुढं झालं नाही. तिथंही साडेपाचला खिचडीचा कुकर चढवला, सुई दिली, आणि पहिली शिट्टी व्हायच्या आत इंडक्शन विझलं. दिवा, पंखा, सगळंच गेलं.

अभिनंदन फळी उचकटून खाली घुसला. दोन मिनिटं, म्हणाला. मी केळं सोलून आण्णांकडं गेले. ते पाण्याकडं तोंड करून खुर्चीत बसले होते. केळं खाल्लं तर आजचं जेवण तेवढ्यावरच जाईल, खिचडीच होऊ दे, असं म्हणाले. आणि मी केळं घेऊन परत आले. याची मला आजही लाज वाटते. सुई टोचलेल्या माणसाला मी खिचडीसाठी थांबू दिलं, कारण नवरा दोन मिनिटं म्हणाला होता.

दोन मिनिटांची चाळीस झाली. मी टॉर्च धरत होते, वायरी ओढत होते, मनातल्या मनात त्याच्या सोलरचा उद्धार करत होते. एकदा मान वळवून पाहिलं तर आण्णांची मान कलली होती. बरं झालं, डुलकी लागली, असं वाटलं मला. गाढवपणा म्हणतात तो हाच.

मग टॉर्च अभिनंदनच्या हातात देऊन मी खुर्चीजवळ गेले. आण्णांचा सदरा घामानं ओला होता, थंडीत. हात थरथरत होते. समोर डोंगरामागं सूर्य केव्हाच गेला होता, वर नुसती लाली राहिली होती. मी धावत जाऊन पेल्यात साखर कालवून आणली. पेला ओठांना लावला तर त्यांनी तोंड घट्ट मिटलं.

"स्नेहल, दिवस हाय का गं?" त्यांची जीभ जड झाली होती. "मला काय दिसंना झालंय."

अभिनंदन मागं येऊन उभा राहिला होता. त्यानं डोंगराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी त्याच्या हातातला टॉर्च विझवला.

"हाय की आण्णा. डोंगराच्या वर हातभर हाय."

"नीट बघून सांग."

"बघितलं. हाय."

त्यांनी तोंड उघडलं. घोट घोट करत सगळा पेला पाजला. गाडीची बॅटरी वेगळी, त्यामुळं इंजिन तरी लगेच लागलं. आण्णांना फळीवर झोपवून आजऱ्याच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर केला असता तर माणूस हातचा गेला असता. अभिनंदन दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला. मला रडू आलं नाही. जीव वाचला याचा आनंदही धड होईना.

चार दिवसांनी आण्णा आमच्या जैन बस्तीत दर्शनाला गेले, आम्ही दोघं बरोबर होतो. देवळात भेटेल त्याला ते थांबवून सांगत होते, "जीव जायची पाळी आलती. पण सुनेनं दिवस हाय तवर साखरपाणी पाजलं. चाळीस वर्साचा नेम राखला पोरीनं." बायकांनी माझी पाठ थोपटली. अभिनंदन चप्पल शोधायचं निमित्त करून बाहेर गेला. खरं सांगायला मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा आण्णांचा चेहरा बघून मिटलं.

तेव्हापासून आण्णा संध्याकाळी घड्याळ बघत नाहीत, खिडकीबाहेरही बघत नाहीत. ताटावर बसतात आणि मला विचारतात, दिवस हाय का गं. मी दारात जाऊन बघते. दिवस असतोच, चांगला लख्ख असतो. तरी हो म्हणायच्या आधी मी पुन्हा एकदा बघून घेते, आणि मी सांगेपर्यंत आण्णा घासाला हात न लावता थांबलेले असतात.