शिंप्याच्या आरशावरची चादर

मित्रांनो, माझ्यासमोर भलेभले पोट आत ओढून उभे राहतात! मी बंगळुरातल्या चामराजपेटेचा, पिराजीअप्पांच्या शिंपीदुकानातला जुना उभा आरसा. कडेचा पारा उडालाय, पण नजर शाबूत आहे. अप्पा ओढलेल्या पोटाचं माप कधीच घेत नाहीत. गिऱ्हाइकाला गप्पांत गुंतवतात आणि त्याचा श्वास सुटला की मगच टेप लावतात. एके काळी नवरदेव माझ्यापुढून हलत नसत. आता तयार कपड्यांपुढे मला कोण विचारतो?

परवा तर कहरच झाला. अप्पांच्या लेकीची, चंदनाची, सर्जापूर रोडच्या एका कंपनीसाठी लॅपटॉपवर मुलाखत होती. आधी दोन ठिकाणी नकार आलेला, त्यामुळे पोरीचा जीव टांगणीला. घरी नेटवर्क नाही, म्हणून दुकानातच, माझ्याकडे पाठ करून बसली.

"अप्पा, हा आरसा दिसला तर बॅड इम्प्रेशन पडेल," म्हणत तिनं माझ्यावर चादर टाकली. मला फार लागलं हो!

मापाच्या खाकी कागदांवर तिनं खडूनं इंग्रजी वाक्यं लिहिली होती. ती घेऊन अप्पा लॅपटॉपमागे उभे राहिले. चंदनानं बजावलं, "मी कान खाजवला की पुढचा कागद धरा. स्वल्प, जरा लवकर!"

पलीकडून मुलाखत घेणाऱ्या स्मृती मॅडमनी विचारलं, "नव्या ग्राहकावर छाप कशी पाडाल?"

"आय विल लीव्ह अ लास्टिंग इम्प्रेशन," चंदना म्हणाली. कान खाजवला. "आय विल स्टँड आउट..."

तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्यानं चादर सर्रकन घसरली.

"चंदना, तुमच्या मागच्या आरशात कागद धरून कोण उभं आहे?"

झालं! अप्पांनी कागद झटकन पाठीमागे नेला. मी काय लपवणार? दाखवणं हाच माझा धर्म.

चंदना पांढरी पडली. मग तिचा कोंडलेला श्वास सुटला. "माझे वडील आहेत, मॅडम. वाक्यं मीच लिहिली होती. सॉरी."

मग मॅडम म्हणाल्या, "कागद राहू दे. तुमच्यावर कुणाची छाप पडली, ते सांगा."

अडखळत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं पोट ओढणाऱ्या गिऱ्हाइकाची आणि टेप घेऊन थांबणाऱ्या अप्पांची गोष्ट सांगितली. अप्पांना इंग्रजी कळत नाही, पण हवेत टेप धरलेले तिचे हात त्यांना कळले. त्यांनी डोळे पुसले.

काल निरोप आला. शुक्रवारी दुसरी मुलाखत, पुन्हा लॅपटॉपवरच. चंदनानं ओल्या वर्तमानपत्रानं मला लख्ख पुसलं. अप्पांनी विचारलं, "चादर आणू का गं?"

"नको अप्पा."

"सरी, बरं तर," अप्पा हसले. "घेऊ देत आता माप."

मित्रांनो, घरातला आरसा पुसत जा, झाकू नका. आणि चामराजपेटेत आलात तर माझ्यासमोरही उभे राहा. पोट मात्र सोडून!