पुड्यातला खाऊ

आमचं म्हातारं एका गोष्टीत लई हट्टी. नांदेडला लेकाकडं निघालं की अर्धापूरच्या स्टँडवर क्रीमच्या बिस्किटांचा पुडा घेणार म्हंजे घेणार. अहो, घरचा केळीचा मळा! मी म्हणायची, "न्या की दोन फण्या." तर म्हणायचे, "गप बस सरजा. नातवाला पुड्यातलाच खाऊ."

सून विशाखा शाळेत मास्तरीण. दर रविवारी कॉलनीतल्या बाया-लेकरं घरी जमवून काय खावं, काय खाऊ नये ते शिकवते. खोटं कशाला बोलू, बरोबरच शिकवते. आमच्या सुगतच्या दाढा त्या बिस्किटांनीच किडल्या. पोराला भाकरी म्हणली की तोंड वाकडं.

त्या रविवारी आम्ही दोघं पोचलो तर घर बायांनी भरलेलं. यांनी कौतुकानं पुडा सुगतच्या हातात दिला. विशाखानं तो काढून घेतला, सगळ्यांपुढं वर धरला आन म्हणली, "बघा, आमच्याच घरातलं उदाहरण. हे अन्न नाही, कचरा आहे. आजोबांनी दिला तरी घ्यायचा नाही. कळलं का सुगत?" सुगतनं मान हलवली. बाया हसल्या. म्हातारं बी हसलं आन चपला शोधू लागलं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. विशाखाला स्वयंपाकघरात ओढलं. "अगं शहाणे! लहानपणी या माणसाच्या ओंजळीत लोक वरून शिळं-उष्टं टाकायचे. म्हणून त्याला बांधलेला पुडा लागतो. याला कुणाचा हात लागला न्हाई, हे कुणाचं उष्टं न्हाई, म्हणतो. त्यो कचरा देत नव्हता गं!"

विशाखा हातातल्या पुड्याकडं बघत म्हणली, "मला कुणी सांगितलं का नाही, आत्याबाई?" आता असलं सुनेला कोण सांगत बसतंय? ती बाहेर धावली तवर हे ऑटोत बसलेले.

मग रोज तिचा फोन. "मामा, चुकले मी. या ना." हे म्हणायचे, "न्हाई गं बाई, मी कुठं रागावलो?" पण जायचे न्हाईत. रागावले असते तर परवडलं असतं.

परवा सुगतचा वाढदिवस. यांनी स्वतः फणी निवडली, गव्हाच्या काडात झाकून पिकवली. बसमध्ये मला हळूच म्हणले, "केळ्याला बी साल असते, सरजा. आत कुणाचा हात लागत न्हाई. हे मला आधी कसं सुचलं न्हाई?" बाई बाई, किती दिवसांनी खुलले होते!

दारातच यांनी एक केळं पुढं केलं. सुगतनं दोन्ही हात मागं बांधले.

"आजोबा, तुमच्याकडून खाऊ घ्यायचा नाही."

"घे रे राजा, घे," विशाखा रडून राहिली होती. पोरगं आईकडं बघतच राहिलं, हात काही सोडेना.

यांनी केळं परत पिशवीत ठेवलं. "असू दे विशाखा, रागवू नको त्याला," म्हणले. "लेकरू आईचं ऐकतंय."