हौद कोणी भरला

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास, सगळ्या मंडळीच्या देखत, बाप्टिस्ट चर्चच्या व्यासपीठाखालच्या हौदात पाळकांनी बाप्तिस्मा देण्यासाठी सोळा वर्षांच्या एका मुलीला पाण्याखाली नेले आणि वर काढले. वर येताना तिला ठसका लागला. बरेच पाणी पोटात गेले. लोक हसले, टाळ्या वाजल्या, गीत सुरू झाले.

मुलगी चर्चची देखभाल करणाऱ्या बाईंची. त्यांना सगळे मावशी म्हणतात. मायलेकी चर्चमागच्या दोन खोल्यांत राहतात.

उपासनेनंतर पाळक हात धुवायला गेले. नळ कोरडा होता.

"मावशी, पाणी कधीपासून नाही?"

"शुक्रवारपासून. गल्लीची लाइनच बंद केलीय. मी प्यायचं पाणीसुद्धा कोपऱ्यावरून कॅननं आणतेय."

"मग हौद कशानं भरलात?"

"मी कुठे? मला वाटलं, वायरमनकाकांनी भरला."

वायरमनकाका मंडळीचे डीकन, म्हणजे पाळकांचे मदतनीस. नोकरीतून निवृत्त झाले तरी वायरमनचा हुद्दा नावाला चिकटलेला. ते म्हणाले, "मी हौदावरच्या फळ्या उचलल्या तर आत काठोकाठ. म्हटलं, लेकीचं कार्य, आईनं आधीच उरकलं असणार."

फळ्या पुन्हा उचलल्या. हौदाच्या तळाशी, फरशांच्या सांध्यांतून बारीक बुडबुडे वर येत होते. पाण्याला वास नव्हता. हात बाहेर काढल्यावर मात्र बोटे बुळबुळीत लागत होती.

संध्याकाळी मुलीला उलट्या सुरू झाल्या. सोमवारी तिचे हात थरथरू लागले. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी सगळे ऐकून घेतले. पाण्याचा नमुना तपासायला पाठवला आणि पाळकांना बाजूला घेतले.

"अहवालाला वेळ लागेल. तिथल्या जमिनीत काय मुरलंय ते तरी शोधा. तोवर मी अंधारात तीर मारतेय."

चर्चच्या दाराशी संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर पहिल्यापासूनच्या सर्व पाळकांची नावे आहेत. शेजारी कोण होते, त्याबद्दल एक अक्षर नाही. म्हणून पाळक मंडळीतल्या सर्वांत वयस्कर सभासद बाईंकडे गेले. या बाई चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असत. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला भाच्याकडे असतात.

"मला वाटलं, प्रार्थनेला आलात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला शेजाऱ्यांची घाण हवीय होय? कुठल्या शेजाऱ्यांची?"

चर्च बांधले ते रंगाच्या गिरणीतल्या कामगारांनी. तेव्हा हौद अंगणातल्या विहिरीच्या पाण्याने भरत. गिरणीचे पंप पाणी इतके ओढू लागले की विहीर आटली. मग तिच्यावर लादी घातली आणि नळ घेतला. गिरणी बंद पडली, तसे कामगार पांगले. त्यांच्या घरांत कातडी कमावणारे आले.

"ते आपली गीतं घेऊन आले. आमच्यापेक्षा गोड गायचे. आम्ही नाकाला रुमाल लावून त्यांना मागच्या बाकांवर बसवलं. पुढे आमच्यातले बहुतेक गेले आणि ते पुढच्या बाकांवर आले."

"त्यांच्यानंतर?"

"बॅटरीवाले. मागच्या आळीत जुन्या बॅटऱ्या फोडायचे. आतलं काय काय अंगणातच ओतायचे."

"म्हणजे नक्की काय?"



"ते कसं सांगू? ती माणसं कधी आत आली नाहीत, आणि आम्हीही बोलावलं नाही. एकदा त्यांची एक बाई तान्हं मूल घेऊन दाराशी उभी होती. त्याचे हात थरथरत होते. माझं गीत चालू होतं. संपवून बाहेर आले, तर ती निघून गेली होती."

पाळकांनी हे डॉक्टरीणबाईंना सांगितले. "त्या मुलाचं पुढे काय झालं?" त्यांनी विचारले.

बॅटरीवाल्यांनंतर गोदामे आली. गोदामे पाडून आता त्या जागी चोवीस मजली इमारत उभी राहते आहे. तिच्या साइट इंजिनियरने पाळकांना आणि वायरमनकाकांना फाटकातच अडवले. पायासाठी जमिनीतले पाणी उपसणारे पंप शुक्रवारी बंद केल्याचे त्याने मान्य केले.

"काम संपलं साहेब. आमचं तळघर ठणठणीत कोरडं आहे."

"तुमचं कोरडं आहे म्हणूनच आमचं भरलंय," वायरमनकाका म्हणाले.

"लेखी द्या," इंजिनियर म्हणाला आणि आत गेला.

मंगळवारी काकांनी भाड्याचा पंप आणून हौद रिकामा केला. आत उतरायच्या सगळ्या पायऱ्या उघड्या पडल्या. पंप चालूच ठेवायचे ठरले. पाळकांनी मावशींना दुसरीकडे राहायला जा म्हणून सांगितले.

"पोर बरी होऊन घरी आली की कुठे येईल?" मावशी म्हणाल्या. "तिला हाच पत्ता ठाऊक आहे."

बुधवारी सकाळी मुलीने आईला ओळखले, पण पेला हातात धरता आला नाही. नमुन्याचा अहवाल आलेला नाही. पंप चालू असूनही हौदात खालून तिसरी पायरी पुन्हा पाण्याखाली गेली आहे. दुपारी मावशी कपडे न्यायला घरी आल्या, तेव्हा मुलीच्या पलंगाखालच्या फरशीच्या सांध्यांत ओल दिसत होती.